एकटीच ये

२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. माझा फोन पाण्यात पडला, म्हणून हा जुना मार्ग. आठवडाभर लागतो म्हणतात पोचायला.

या नव्या शहरात आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली बूट दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम गोंदाचा वास. आईला चालवायला बस मिळाली. गणवेश निळा आहे आणि खांद्यात इतका ढगळ, की आत अजून एक ड्रायव्हर आरामात बसेल. सहा महिने तिला कच्चीच धरणार आहेत, मग पक्की करतील. तोवर एकही तक्रार चालत नाही, म्हणून ती म्हाताऱ्यांना हात धरून उतरवते आणि आता फक्त कुत्र्यांना नमस्कार करायचा बाकी ठेवलाय.

तिची बस माझ्या शाळेवरूनच जाते. आमचं ठरलंय, बसमध्ये आम्ही एकमेकींना ओळखत नाही. मीच सांगितलं तसं. आई हसली, म्हणाली, वयच आहे तुझं, आयांची लाज वाटायचं.

शाळेत स्विमिंग पूल आहे. पोहणाऱ्या मुलींची कॅप्टन माझ्याच वर्गात आहे, आणि तिच्याबरोबर कायम तिघी असतात. त्यांनी मला एक टोपणनावसुद्धा दिलंय.

मी केस कापले, कानापर्यंत. आईला नाही आवडले. आणि हो, केसांत च्युइंगगम अडकलं तर काय लावतात गं? वर्गातल्या एकीला हवंय.

तुझी भिंगरी

*

११ सप्टेंबर

प्रिय भिंगरे,

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या टेबलावर तीन कवळ्या सुकत होत्या. मी वाचत होते आणि त्या आ वासून ऐकत होत्या. माझ्या आयुष्यात एवढं लक्ष देऊन कुणी ऐकलेलं नाही.

टोपणनाव मिळालं म्हणजे त्यांनी तुला आपल्यात घेतलं, बरं झालं. मला शाळेत ‘फावडे’ म्हणायचे, पुढच्या दोन दातांमुळे. रडले, चिडले, आणि शेवटी लोकांचे दात करायच्याच कामात पडले.

च्युइंगगमला बर्फ चोळायचा. कडक झालं की तुटून येतं. राहिलेलं तेलाने सुटतं. केस कापावे लागत नाहीत.

आता एक विचारते, राग मानू नकोस. केस कापल्याचं आणि च्युइंगगमचं तू लागोपाठ लिहिलंस. टोपणनाव काय ते मात्र लिहिलं नाहीस. आणि तू फोन उशाशी घेऊन झोपणारी मुलगी, तो पाण्यात पडला तर पानभर रडगाणं यायला हवं होतं. एका ओळीत संपवलंस.

मी काही पोलीस नाही. पण लहानपणी तुझे केस मी विंचरलेत, तेव्हा थोडा हक्क आहे असं समजते.

तुझी मावशी

*

२० सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुझ्यापाशी खोटं बोलायला जमत नाही, तू समोर नसलीस तरी.

टोपणनाव ‘डांबर’ आहे.

पहिल्या आठवड्यातच पडलं. मी बाकावरून उठले की कॅप्टन रुमाल काढून बाक पुसते, हळूहळू, सगळ्यांना दिसेल असं. मग बाकीच्या तिघी नाक धरतात. कुणी मोठ्याने हसत नाही. वर्गात माझ्या रंगाची मी एकटीच आहे. त्यांची भाषा बोलताना येणारा आपला हेल त्यांना येतो, माझ्यापेक्षा चांगला येतो. मी उत्तर द्यायला उभी राहिले की मागून माझाच आवाज येतो. म्हणून मी हल्ली उभीच राहत नाही. शिक्षकांना वाटतं, मला काही येत नाही.

फोन पाण्यात पडला नाही. कॅप्टनने हातातून घेतला आणि त्यावरून माझ्या नावाने वर्गात सगळ्यांना काय काय पाठवलं. ते मी तुला लिहू शकत नाही. घरी येऊन मी तो बंद केला आणि कपाटात मोज्यांच्या खाली ठेवला. बंद आहे तरी त्या कपाटाकडे पाठ करून झोपवत नाही.

च्युइंगगम माझ्याच केसांत होतं. बर्फाचं तेव्हा माहीत नव्हतं.

बसमध्येही त्या असतात. मागच्या सीटवर बसून ड्रायव्हरच्या नकला करतात. ती थांब्यांची नावं कशी घेते, सुटे पैसे कसे मागते, सगळं. आईला ऐकू जात असेल का, माहीत नाही. तिची मान आरशातून दिसते, ती हलत नाही. म्हणून मी ओळख दाखवू नकोस म्हणाले. पण त्यांना कळलंच. कॅप्टन परवा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “तुझी आई अजून कच्ची आहे ना? तिने मला ढकललं असं मी नुसतं सांगितलं तरी पुरे. माझे बाबा शाळेच्या समितीवर आहेत.”

तिने हे इतकं गोड आवाजात सांगितलं की समोरच्या सीटवरच्या बाईंना वाटलं, आम्ही मैत्रिणी आहोत. त्या आमच्याकडे बघून हसल्या.

मावशी, आईला सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे. तिला कळलं तर ती गप्प बसणार नाही, आणि मग तिची नोकरी जाईल, आणि ती माझ्यामुळे जाईल.

भिंगरी

*

२८ सप्टेंबर

भिंगरे,

तुझं पत्र मी कामावर उघडलं ही चूक झाली. मेणाचा साचा बर्नरवर तसाच राहिला आणि वाहून गेला. मालकांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, धूर डोळ्यांत गेला.

आधी मनात आलं की आत्ताच्या आत्ता ताईला फोन करावा. फोन हातात घेतला आणि ठेवला. तू शपथ घातलीस म्हणून नाही. तुझ्या वयात एकदा विश्वास उडाला की तू पुन्हा कुणाला काही सांगणार नाहीस, आणि मग मला इथे बसून काहीच कळणार नाही, याची भीती वाटली म्हणून. ही भीती बरोबर आहे की माझा भित्रेपणा आहे, ते मला अजून ठरवता येत नाही.

तेव्हा शब्द देते, सांगणार नाही. पण एका अटीवर. कुणी तुझ्या अंगाला हात लावला, तर मी तुला विचारायला थांबणार नाही. ही अट तुला मान्य नसली तरी आहे.

दोन गोष्टी कर. शाळेत एकटी राहू नकोस. ग्रंथालय असेल, स्वयंपाकघर असेल, कुठेही जिथे मोठं माणूस असतं तिथे बैस. आणि वर्गशिक्षकांना सांग. मला ते कसे आहेत माहीत नाही, पण एका तरी मोठ्या माणसाला तिथे माहीत असायला हवं.

आणि ऐक. तुझा रंग तुझ्या आजीचा आहे, माझा आहे. लहानपणी तू माझा हात आपल्या हाताशी लावून बघायचीस आणि ‘सेम’ म्हणायचीस. तो धुवून काढायची गोष्ट नाही. हे तुला माहीत आहे, तरी मला लिहावंसं वाटलं.

लगेच उत्तर दे. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

मावशी

*

९ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

सांगितलं वर्गशिक्षकांना. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, इथल्या मुलांची मस्करी तुला नवीन आहे, जरा कातडी जाड कर. मग त्यांनी कॅप्टनला बोलावून माझ्यासमोर हात मिळवायला लावला. तिने मिळवला. बाहेर गेल्यावर तिने तो हात भिंतीला पुसला.

त्यानंतर आमच्या जिन्यात कुणीतरी काळा रंग ओतला, खालपासून आमच्या दारापर्यंत, पायरी पायरीवर. आईला वाटलं दारुड्यांचं काम. तिने ब्रश घेऊन सगळा जिना घासला, गाणं गुणगुणत. खालचा बूटवाला दारात उभा राहून बघत होता. आधी तो रोज मान हलवायचा. आता त्याला बुटांतून डोकं वर काढायला वेळ मिळत नाही. मी आईला मदत केली. रंग नखांत गेला तो अजून आहे.

पूलवर एक किरकोळ गोष्ट झाली. मी जरा जास्त वेळ पाण्याखाली राहिले. त्या बघत होत्या, रंग निघतो का. मला श्वास धरता येतो, तू काळजी करू नकोस. वर आले तेव्हा शिक्षिका पाठमोऱ्या होत्या.

पण आता चांगली बातमी. काल कॅप्टन स्वतःहून आली. म्हणाली, झालं ते फार झालं, आमच्याही लक्षात आलंय. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, १९ तारखेला दुपारी, त्या चौघी तलावावरच्या लाकडी धक्क्यावर जमणार आहेत. उन्हाळ्यात तिथून होड्या सुटतात, आता बंद असतात. मला बोलावलंय. म्हणाली, कुणाला सांगू नकोस, एकटीच ये, म्हणजे नीट बोलता येईल.

तिने माझं खरं नाव घेतलं मावशी. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. पण नाही गेले तर सगळं पुन्हा सुरू होईल, आणि गेले तर कदाचित संपेल. आईला मी ग्रंथालयात जाते म्हणून सांगणार आहे.

भिंगरी

*

रविवार, १९ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र काल आलं होतं. मी कामावर होते, शेजारच्या वहिनींनी घेऊन ठेवलं आणि आज जेवणं झाल्यावर आठवणीने आणून दिलं. त्या अजून इथेच बसल्यात. मला पाणी देतायत आणि मी ते पीत नाहीये.

तुझी आई गाडीवर आहे, तिचा फोन बंद लागतो. अडीनडीला म्हणून तिने डेपोचा नंबर दिला होता, तो लावला. एका माणसाने उचलला. मी त्यांच्या भाषेत सांगायला गेले आणि शब्द अडकले. तीनदा सांगितलं. तो बाजूला कुणाला तरी म्हणाला, काय बोलतेय कळत नाही, त्यांच्यातलीच कुणी आहे. मग फोन ठेवला. मागे हसल्याचं ऐकू आलं.

पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. या वेळी एक बाई होत्या. मी म्हटलं, तुमची एक ड्रायव्हर आहे, नवीन, तिची मुलगी तलावाच्या धक्क्यावर आहे, तिला पाण्यात बुडवतील. हेच तोंडातून आलं, मी असं ठरवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “मुलगी केवढी आहे?” मी म्हटलं, पंधरा. त्या म्हणाल्या, “थांबा.” मग वायरलेसची खरखर आली, तुझ्या आईच्या बसचा नंबर ऐकू आला, आणि लाइन तुटली.

त्यानंतर लागत नाही.

मी हे पत्र का लिहितेय? तुला हे मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. पण हाताला काहीतरी हवं. मी शब्द मोडलाय. तू पाण्याखाली राहिलीस ते ‘किरकोळ’ म्हणून लिहिलंस, ते वाचलं त्या क्षणी मोडला. तू माझ्याशी जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल. कुठेतरी रागावलेली असलीस म्हणजे झालं.

वहिनी म्हणतात, फोन वाजला. नाही वाजला. त्यांनाही भास होतायत.

मावशी

*

६ नोव्हेंबर

मावशी,

तू शब्द दिला होतास. आणि बघ काय झालं. आईला घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत गाडी बंद.

तिने फोनवर तुला ‘भिंगरी बरी आहे’ एवढंच सांगितलं असेल. मी पलीकडेच होते, पण फोन घेतला नाही. तुझा इतका राग आला होता. अजून आहे, पण थोडा कमी झालाय, म्हणून लिहितेय.

मी धक्क्यावर गेले तेव्हा चौघी होत्या. वारा होता, फळ्या ओल्या होत्या. कॅप्टनने आधी गप्पा मारल्या. मग म्हणाली, आपल्यात यायचं तर बूट काढ. मी काढले. एकीने ते पाण्यात टाकले. मग त्या फळ्यांवर अशा उभ्या राहिल्या की माझ्या मागे फक्त पाणी. एकीने व्हिडिओ काढायला फोन धरला. कॅप्टन म्हणाली, एक वाक्य बोल, मग सोडतो. वाक्य तिनेच सांगितलं. मी बोलले. ती म्हणाली, ऐकू आलं नाही, मोठ्याने. मी मोठ्याने बोलले. ते वाक्य मी लिहिणार नाही.

मग ती म्हणाली, आता उडी मार. मी म्हटलं, मला नीट पोहता येत नाही. ती म्हणाली, “माहीत आहे.”

मावशी, मी मागे सरकले होते. माझी टाच फळीच्या बाहेर होती. मला वाटलं आपणच उडी मारावी म्हणजे संपेल.

तेवढ्यात बस दिसली. तिथे बस येतच नाही, तो रस्ताच तिचा नाही. आईने माणसांनी भरलेली बस फाट्यावरून खाली आणली होती. दार उघडलं आणि ती उतरली. मला वाटलं ती पळत येईल, ओरडेल. ती चालत आली. त्या चौघींच्या मधून, अंग चोरून, कुणाला धक्का लागू नये असं. तिने माझा हात धरला आणि आपल्या भाषेत म्हणाली, “चल घरी. गाडी उभी आहे.”

एवढंच. मी अनवाणी चालत बसमध्ये गेले. सगळे बघत होते. एक माणूस घड्याळ दाखवून म्हणाला, ही काय खासगी गाडी आहे का? पुढच्या सीटवरच्या एका म्हातारीने पिशवीतून लोकरीचे मोजे काढले, बहुतेक कुणासाठी तरी विणलेले, आणि स्वतः वाकून माझ्या पायांत घातले.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनच्या बाबांची तक्रार आली. ड्रायव्हरने माझ्या मुलीला ढकललं. तिने म्हटलं होतं तसंच केलं.

आता मला त्या चौकशीत बोलायला बोलावलंय. मी आईला सांगितलंय, मी जाणार नाही. तिथे ते मला विचारतील, त्यांनी तुला काय बोलायला लावलं. आईला ते माहीत नाही. तिला ते कधीच कळायला नको.

भिंगरी

*

१३ नोव्हेंबर

भिंगरे,

रागाव. पत्रभर रागाव, मी जपून ठेवीन.

चौकशीला जा किंवा जाऊ नकोस, यात मी काही सांगणार नाही. तुझ्या वतीने ठरवायचं काम मी एकदा केलं, तेवढं बस झालं. फक्त एवढं लिहिते. तू फळीच्या टोकावर उभी होतीस, हे ताईने पाहिलंय. त्याहून वाईट वाक्य कुठलं असणार? तिला काय झेपतं, याचा अंदाज तू आणि मी दोघीही कमीच धरतो.

सुट्टीचा अर्ज दिलाय. मिळाली की निघते. माझ्यासाठी खाट नको, जमिनीवर झोपेन.

मावशी

*

रविवार, ३० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

चौकशी शुक्रवारी झाली. मी गेले.

डेपोच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे, लांब टेबल, तीन माणसं. समोरच्या बाजूला कॅप्टन आणि तिचे बाबा. तिने केस छान बांधले होते. ती इतकी साधी दिसत होती की क्षणभर मलाच वाटलं, आपल्याला सगळं स्वप्नात पडलं की काय. तिने सांगितलं, आम्ही खेळत होतो, ड्रायव्हर आली आणि तिने मला ढकललं. सांगताना तिचा आवाज रडवेला झाला. तिचे बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

मग मोजेवाली म्हातारी आली. तिने सांगितलं, मी अगदी पुढे बसले होते, ड्रायव्हरने कुणालाही हात लावला नाही. घड्याळवाला माणूसही आला होता. तो म्हणाला, मी बघितलं नाही, मला फक्त उशीर झाला.

मग माझी पाळी. मधल्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही तिथे खेळत होता का? मी नाही म्हटलं. मग काय करत होता? मी आईकडे बघितलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघून सांगितलं, बूट, फोन, सगळं. ते म्हणाले, काय बोलायला लावलं? कॅप्टन माझ्याकडे बघत होती, धक्क्यावर बघत होती तशीच, आणि माझे पाय तसेच थंड पडले.

मी बोलले. “मी घाण आहे. मी आणि माझी आई, दोघी घाण आहोत. आम्ही इथून निघून जाऊ.”

टेबलाच्या टोकाला एक मुलगा टाइप करत होता, तो थांबला. मधले गृहस्थ म्हणाले, असू दे, एवढं पुरे, हे नोंदवायची गरज नाही. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. आपल्या त्याच हेलात, हळू, प्रत्येक शब्द वेगळा.

“लिहून घ्या. तिने दोनदा म्हटलंय. एकदा तिथे आणि एकदा इथे. दोन्ही वेळचं लिहा.”

त्याने लिहिलं. कॅप्टनच्या बाबांचा हात तिच्या पाठीवरून खाली आला.

निकाल काल हातात आला. ढकलल्याचं सिद्ध झालं नाही. रस्ता सोडून गाडी नेल्याबद्दल आईला लेखी ताकीद, आणि कच्चेपणाचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. सोमवारपासून गाडी मिळेल. शाळेने कॅप्टनला संघातून काढलंय. वर्गातून नाही. ती तिच्याच बाकावर असेल, माझ्या मागे दोन रांगा. तो व्हिडिओ पुसला असं त्या म्हणतात. खरं कुणाला माहीत. कुठेतरी असेलही.

पण मला तुला दुसरंच सांगायचंय. शुक्रवारी खोलीतून बाहेर आलो तेव्हा आई ताठ चालत होती. जिन्याच्या वळणापर्यंत गेली आणि एकदम पायरीवर बसली. तिचे गुडघे थरथरत होते, तिने ते हातांनी दाबून धरले तरी थांबेनात. म्हणाली, धक्क्यावरही असंच होत होतं, मला पळताच येईना, म्हणून मी चालत आले. मी इतके दिवस समजत होते की ती घाबरली नव्हती.

मग मीही बसले. बसमध्ये नकला तिला रोज ऐकू येत होत्या, असं तिने सांगितलं. घरी येऊन मला कळू नये म्हणून ती गाणं म्हणायची. आम्ही किती वेळ बसलो कुणास ठाऊक. एक झाडूवाल्या बाई बादली घेऊन वरून पायऱ्या पुसत आल्या आणि म्हणाल्या, पाय वर घ्या. आम्ही दोघींनी पाय वर घेतले, लहान मुलांसारखे. त्या आमच्या खालून पुसून पुढे गेल्या. आईला हसू आलं. तिला आलं म्हणून मला आलं. पाय खाली ठेवायचं आम्ही विसरूनच गेलो.

तू निघालीस की कळव. खाट आईने शेजारून मागून आणलीये.

उद्या सोमवार. दप्तर भरून दाराशी ठेवलंय.

तुझी भिंगरी